नवरंगाला गाणं कोण शिकवतं?

कावळा हा गाणारा पक्षी आहे आणि कोकीळ नाही. गावात पारावर बसून हे बोलून पाहा, लोक पाखरांचं सोडून तुमचीच काळजी करायला लागतील. पण पक्षिशास्त्राच्या हिशेबात हे वाक्य बरोबर आहे. तिथे गाणारा कोण, हे आवाजाच्या गोडव्यावरून ठरत नाही. आवाजाच्या यंत्राची बनावट पाहून आणि घराणं तपासून ते ठरतं. हा हिशेब समजून घ्यायचा तर आपल्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या एका पाहुण्याकडून सुरुवात केलेली बरी. तो धड कावळ्याच्या बाजूचा नाही आणि कोकिळेच्याही बाजूचा नाही.

नवतपा अंगाची लाही करत असतो, तेंदूपत्त्याचे फड उठायला आलेले असतात, त्या सुमारास नवरंग विदर्भात दाखल होतो. नागझिरा, नवेगाव, ताडोबा, पेंच, मेळघाट ही नावाजलेली जंगलं झालीच, पण नाल्याकाठी दाट सावली आणि खाली पाल्याचा थर असला की गावाशेजारच्या जंगलाचा तुकडाही त्याला चालतो. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जाणाऱ्या बायांना तो आवाजाने पक्का माहीत असतो. "सकाळी शिट्टी देते, मानूस पाह्यला का चूप होते," असं त्यातल्या एकीने मला सांगितलं होतं. नवरंगाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या जाड पुस्तकात वाचलेलं नाही.

पाखरू साळुंकीपेक्षा लहान, जेमतेम १९ सेंटिमीटरचं, वजनाला पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. उभं राहतं ताठ, पाय लांब, आणि शेपूट इतकं आखूड की कुणी मधूनच छाटलं असावं असं वाटतं. १७६६ साली लिनियसने त्याची शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्याला चक्क कावळ्याच्या गोत्रात घातलं आणि आखूड शेपटीवरूनच नाव दिलं. रंग पाहायचे तर वरून खाली उतरत जावं. डोकं बदामी, त्याच्या मधोमध काळी रेघ. डोळ्यावरून मानेपर्यंत जाड काळा पट्टा, त्याच्या वर बारीक पांढरी भुवई. गळा पांढरा. छाती आणि पोट फिकट बदामी. पाठ हिरवी. खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला चकचकीत निळा. पोटाच्या खालच्या टोकाला आणि शेपटीखाली शेंदरी लाल. उडाला की पंखात पांढरा ठिपका चमकतो. नऊ रंग भरतात का, हे मोजणाऱ्याच्या उदारपणावर आहे. नर आणि मादी दिसायला सारखेच.

एवढं नटलेलं पाखरू, पण ते पाहिलेली माणसं थोडी आणि ऐकलेली पुष्कळ. त्याचं कारण पुढे येईल. आधी आवाजाचं बघू.

जगात पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकाच मोठ्या गणातल्या आहेत. पायाची तीन बोटं पुढे, एक मागे, आणि फांदीवर बसलं की बोटं आपोआप आवळली जातात, अशी त्यांची ठेवण. चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ, सुगरण, कोतवाल आणि हो, कावळा, सगळे याच गणातले. या गणाच्या दोन मुख्य शाखा पडतात. एका शाखेला शास्त्रज्ञ ऑसाइन म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गायक. यांच्या जाती पाच हजारांच्या घरात. दुसरी शाखा सबऑसाइन, उपगायक म्हणू या. त्यांच्या जाती हजाराहून थोड्या जास्त, आणि त्यांतल्या बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत. आपल्या बाजूच्या जगात ही शाखा अगदी विरळ आहे. नवरंगाचं कुळ आणि आणखी एक-दोन लहान कुळं, संपलं. नवरंगाच्या कुळात चाळीसहून जास्त जाती आहेत. त्यांचा मोठा गोतावळा आग्नेय आशियाच्या सखल, दमट जंगलांत राहतो, काही ऑस्ट्रेलियाकडे, दोन आफ्रिकेत. विदर्भाच्या जंगलात या शाखेचा नेहमी येणारा प्रतिनिधी एकटा नवरंग. झाडाच्या फांद्यांवर बसलेली बाकीची चिल्लीपिल्ली बहुतेक सगळी पहिल्या शाखेतली, म्हणजे कागदोपत्री गायक. कोकीळ तर या गणातलाच नाही, त्याचं घराणं पावशा आणि भारद्वाजाचं.

आता यंत्र. माणसाचा आवाज घशात वरच्या बाजूला, श्वासनलिकेच्या तोंडाशी तयार होतो. पक्ष्याचं आवाजाचं यंत्र अगदी उलट्या टोकाला असतं. श्वासनलिका छातीत उतरून दोन फुप्फुसांकडे जिथे फाटते, नेमकं त्या फाट्यावर. शास्त्रीय नाव सिरिंक्स. फाट्यावर असल्यामुळे त्याला दोन बाजू मिळतात, आणि गायक शाखेतले पक्षी या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतात. एका बाजूने एक सूर, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने दुसरा. त्यासाठी या शाखेत सिरिंक्सला बारीक स्नायूंच्या अनेक जोड्या असतात. उपगायकांकडे हे स्नायू मोजके. त्यामुळे त्यांच्या आवाजात कसरत कमी, ताना नाहीत, आळवणी नाही. नवरंगाची हाक दोन स्वरांची. पहिला चढता, दुसरा खाली येणारा, 'व्हीट्‌-ट्यू'. कधी आधी एक हलका स्वर जोडलेला. हाक देताना तो मान मागे टाकतो, चोच वर करतो आणि त्या छोट्या शरीरातून अशी स्वच्छ शिट्टी काढतो की नवख्या माणसाला वाटावं, पलीकडून कुणी गुराखी हाका मारतोय.

पण दोन शाखांमधला खरा फरक स्नायूंपेक्षा डोक्यात आहे. गायक शाखेतली पिल्लं गाणं शिकतात. उपगायकांची पिल्लं, निदान ज्यांची नीट तपासणी झाली त्यांतली बहुतेक, गाणं घेऊनच अंड्यातून बाहेर येतात.

पक्षी गाणं शिकतात हे पूर्वीही लोकांना ठाऊक होतं. पिंजऱ्यात पाखरं पाळणारा कुणीही ते सांगू शकला असता. पण ते पुराव्यानिशी मांडलं केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी, १९५० च्या दशकात. चॅफिंच नावाचा युरोपात घराघराच्या बागेत दिसणारा पक्षी त्यांनी घेतला. त्याची पिल्लं मोठ्या नरांचं गाणं कानावर पडणार नाही अशी वेगळी वाढवली. वर्षभराने ती गायली, पण ते गाणं म्हणजे नुसता सांगाडा होता. लांबी साधारण बरोबर, आत मात्र रचना नाही, शेवटची लकब नाही. लहानपणी मोठ्यांचं गाणं ऐकवलेली पिल्लं मात्र व्यवस्थित गायली. म्हणजे शिकण्याला एक वय असतं, आणि ते निघून गेलं की मागून कितीही ऐकवा, उपयोग नाही.

पुढे मासाकाझू कोनिशी यांनी अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या स्पॅरोवर काम केलं. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगातून दिसलं की गाणं ऐकून झालेल्या पण अजून गायला न लागलेल्या पिल्लाची ऐकण्याची शक्ती काढून घेतली तर ते नीट गाऊ शकत नाही. नुसतं ऐकून भागत नाही तर. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानावर पडून, लक्षात ठेवलेल्या गाण्याशी पडताळून, दुरुस्त करत करत गाणं बसतं. हे प्रयोग आज वाचताना अंगावर येतात, आणि यायलाच पाहिजेत. पण त्यांतून जे कळलं ते मोठं आहे.

या शिकण्याचा मधला टप्पा तुम्हाला अंगणातही सापडेल. दयाळाचं पहिल्या वर्षाचं पोर झुडपात आत बसून, चोच जवळजवळ न उघडता, हळू आवाजात काहीतरी पुटपुटत असतं. सूर अर्धे, क्रम चुकलेला, मधेच थांबणं, पुन्हा पहिल्यापासून. वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाच्या बोबड्या बडबडीशी याची तुलना डार्विननेच १८७१ साली करून ठेवली आहे. शिकण्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. ज्याचं त्याने शेजाऱ्याकडून ऐकून घ्यायचं म्हटल्यावर मुलखामुलखाची धाटणी वेगळी होते. अकोल्याकडची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली कानाला वेगळी लागते, तसंच सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या त्या स्पॅरोंच्या गाण्यात काही मैलांवर बोली बदलते, हे पीटर मार्लर यांनी दाखवलं. आणि आपल्या जंगलातला भृंगराज तर सर्पगरुडापासून इतर पाखरांपर्यंत कुणाचीही नक्कल करतो. हे सगळं शिकू शकणाऱ्या मेंदूचं काम. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतली गाण्याची खास केंद्रं दाखवून दिली. शिकून आवाज काढण्याची ही कला पक्ष्यांमध्ये फक्त तीन गटांकडे ठळकपणे आहे. गायक शाखा, पोपट आणि अमेरिकेतले गुंजनपक्षी.

मग उपगायकांचं काय? याचं उत्तर उत्तर अमेरिकेतल्या फीबी नावाच्या एका मळकट, साध्या पाखराने दिलं. हे नवरंगाच्याच शाखेतलं. डोनाल्ड क्रूड्समा यांनी फीबीची पिल्लं मोठ्यांचं गाणं न ऐकवता वाढवली, तरी ती आईबापांसारखीच गायली. मग १९९१ साली क्रूड्समा आणि कोनिशी या दोघांनी मिळून पुढची पायरी गाठली. ज्या पिल्लांना ऐकूच येत नव्हतं, तीही मोठी होऊन बिनचूक फीबीचं गाणं गायली. स्पॅरोचं जिथे सगळं बिघडलं होतं, तिथे फीबीचं काहीच बिघडलं नाही. कुणाकडून ऐकायला नको आणि स्वतःचं पडताळायलाही नको.

शाखेला एक अपवाद आहे तो सांगितला पाहिजे, नाहीतर कुणीतरी माझी चूक काढेल. मध्य अमेरिकेतला तीन लोंब्यांचा घंटापक्षी उपगायक असूनही गाणं शिकतो आणि वर्षांगणिक बदलतोही. निसर्गात अशी आडमुठी उदाहरणं नेहमी निघतात.

कोकिळेचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. त्यात एक जुनं आश्चर्य दडलेलं आहे, ते मात्र आपण विचारत नाही. कोकिळेचं पिल्लू डोळे उघडल्यापासून कावळ्याचं काव काव ऐकतं, कावळ्याच्या चोचीतून खातं, कावळ्यांच्या गोतावळ्यात वाढतं. मोठं झाल्यावर मात्र आंब्यावर बसून कुहू कुहूच करतं. ते शिकणारं पाखरू असतं तर काय झालं असतं? वैशाखात कोकीळ काव काव करत बसला असता आणि एकही मादी त्याच्याकडे फिरकली नसती. दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्याला गाणं पोटातूनच आणावं लागतं. आणि गंमत अशी की त्याला वाढवणारा कावळा मात्र त्या शिकणाऱ्या शाखेतला, माणसांच्या आवाजाची नक्कलसुद्धा करू शकणारा. म्हणून पहिल्या ओळीतलं ते वाक्य. कावळा गायक, कोकीळ बिनगायक, आणि नवरंग उपगायक.

आता कुणी म्हणेल, मग नवरंग बिचारा ढ. दोन स्वर, तेही पाठ करून आलेले. मला ते तसं वाटत नाही. तो ज्या जागी राहतो त्या जागेसाठी ते दोन स्वर इतके चपखल आहेत की शिकलेल्या गवयालाही सुचले नसते.

जूनमधलं मिश्र जंगल डोळ्यांसमोर आणा. साग, ऐन, धावडा, मोह, खाली बांबू, त्याच्याही खाली करवंद आणि कुड्याची झुडपं. या सगळ्याला पावसाबरोबर नवी पानं फुटतात. आवाज अशा जागेतून जाताना दोन प्रकारे मार खातो. पहिला मार उंच पट्टीच्या आवाजांना बसतो. त्यांच्या लहरी आखूड असतात, पानांवर आपटून विखुरतात आणि थोड्या अंतरात संपतात. दुसरा मार झरझर बदलणाऱ्या आवाजांना. प्रत्येक स्वर खोडांवरून, फांद्यांवरून परतून येतो, आणि मागचा स्वर अजून घुमत असतानाच पुढचा त्याच्यात मिसळतो. लांबवर ऐकणाऱ्याला नुसता चिखल ऐकू येतो. यातून सुखरूप पार पडतो तो मध्यम पट्टीचा, सावकाश, स्वच्छ शिट्टीसारखा स्वर. युजीन मॉर्टन यांनी पनामाच्या सखल जंगलांत आवाज वाजवून आणि दूरवर मोजून हे तपासलं, १९७५ साली ते छापलं. जंगलाच्या तळाशी साधारण १५०० ते २५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर सगळ्यात कमी झिजत होते, आणि तिथले रानपक्षी बऱ्याच अंशी त्याच पट्टीच्या आसपास गात होते. मोकळ्या माळावर हे गणित बदलतं. तिथे वाऱ्याने आवाज तुटतो, म्हणून चंडोलासारखे पक्षी भरभर, खच्चून भरलेलं गाणं म्हणतात. एक तुकडा वाऱ्यात गेला तरी दुसरा पोचतो. पऱ्हाटीच्या वावरात उभं राहून एकदा चंडोल ऐका आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात जाऊन नवरंग ऐका. दोन्ही जागांचा फरक कानालाच कळेल.

वेळही ठरलेली आहे. नवरंगाची हाक सगळ्यात जास्त उजाडताना, मग मावळताना. तमिळ मुलखात तो हिवाळा काढतो, तिथे त्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, सहाच्या ठोक्याचं पाखरू. पहाटे वारा पडलेला असतो. सिकाडा किड्यांची कर्रकर्र अजून सुरू झालेली नसते. किडे शोधायला पुरेसा उजेड नसतो, त्यामुळे तसंही दुसरं काम नसतं. आणि नवरंगाचे डोळे मोठे आहेत. मोठ्या डोळ्यांचे पक्षी पहाटे आधी गायला लागतात, असं ब्रिटनमधल्या पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात २००२ साली दिसून आलं आहे. आभाळ भरून आलं की भरदिवसाही तो हाक देतो. एकाने दिली की नाल्याच्या पलीकडून दुसरा देतो, मग तिसरा. ही हद्दीची बोलणी असतात. हा धुरा माझा, तो तुझा.

एवढं ऐकू येऊनही तो दिसत का नाही? इथे रंगांचा विषय येतो, आणि त्यातला निळा सगळ्यात फसवा आहे.

पक्ष्याच्या पिसाला रंग दोन वाटांनी येतो. एक वाट रंगद्रव्याची. काळा आणि तपकिरी मेलॅनिनमुळे, जे आपल्या केसांतही असतं आणि शरीर स्वतः बनवतं. पिवळा, केशरी, लाल बऱ्याच पक्ष्यांत कॅरोटिनॉइडमुळे येतो. ते शरीराला बनवता येत नाही, फळांतून किंवा किड्यांतून खाऊनच मिळवावं लागतं. हळद्याचा पिवळाधमक रंग असा पोटातून आलेला आहे. निळ्या रंगाचं द्रव्य मात्र नवरंगाच्या अंगावर कुठेच नाही. नवरंगाच्याच नाही, मोराच्या, चासाच्या, खंड्याच्याही नाही. निळा रंग दुसऱ्या वाटेने येतो, पिसाच्या बनावटीतून. नवरंगासारख्या पक्ष्याच्या निळ्या पिसाच्या काड्यांत केराटिनची, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या द्रव्याची, स्पंजासारखी जाळी असते, त्यात हवेची अतिसूक्ष्म भोकं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ही भोकं असे काहीशे नॅनोमीटर अंतराने, जवळजवळ सारख्या अंतरावर बसलेली असतात. निळ्या प्रकाशाच्या लहरींशी हे अंतर जुळतं, त्यामुळे तेवढ्याच लहरी एकमेकींना बळ देत बाहेर फेकल्या जातात. बाकीचा प्रकाश खालच्या काळ्या मेलॅनिनच्या थरात जिरतो. तो काळा थर नसता तर निळा धुरकट दिसला असता.

पटत नसेल तर एक सोपी पडताळणी आहे. वावरात तारेखाली चासाचं, म्हणजे आपण दसऱ्याला दर्शन घेतो त्या नीलकंठाचं, गळालेलं पीस कधी पडलेलं असतं. सूर्य पाठीशी ठेवून ते पाहा, झळाळता निळा. आता तेच पीस डोळ्याच्या आणि उन्हाच्या मधे धरा. प्रकाश मागून आरपार यायला लागला की निळा गायब, उरतो मातकट तपकिरी. द्रव्याचा रंग असता तर तो असा पळून गेला नसता. पीस पाहून झालं की तिथेच ठेवा.

बनावटीचा निळा पेटायला त्यावर चांगला उजेड पडावा लागतो. दाट जंगलाच्या तळाशी उजेड मोजकाच पोचतो. नवरंग तिथे पाल्यात वावरतो तेव्हा वरून पाहणाऱ्या शिक्र्याला दिसते ती हिरवी पाठ आणि बदामी डोकं, म्हणजे एक ओलं पान आणि एक वाळकं पान. शेंदरी रंग पोटाखाली दडलेला. पाठीला आणि पोटाला अंगावरच वाटून दिलेले हे रंग आहेत, भडक ते खाली, मळखाऊ ते वर. फोटोत तो भडक दिसतो कारण फोटो काढणारा त्याला उजेडाच्या ठिपक्यात गाठतो आणि बाजूने टिपतो. प्रत्यक्षात पाच हातांवर पाला उलथत असतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कानाला लागतो तो आधी आवाज. कोरड्या सागाच्या पानाचा खर्रर्र, मग शांतता, मग दोन उड्यांचा टप्‌टप्‌. तो सरडाही असू शकतो. खाली वाकून, डोळा पाल्याच्या पातळीवर आणून पाहिलं तर कधीतरी दिसतं. चोचीने एक पान बाजूला फेकलं, थांबला, मान तिरकी केली, आखूड शेपूट सावकाश वर-खाली हललं, आणि पुढच्या क्षणी चोचीत गांडूळ लोंबत होतं.

त्याचं सगळं घर आणि स्वयंपाकघर म्हणजे हा पाला. किडे, अळ्या, वाळवी, गांडुळं, गोगलगायी हा त्याचा आहार, आणि मृगाचा पाऊस पडला की हे सगळं एकदम वर येतं. म्हणूनच तो दक्षिणेतून निघून मे-जूनमध्ये इथे येतो. पिल्लांना भरवायची वेळ आणि गांडुळं वर येण्याची वेळ जुळवलेली. घरटंही पाल्याचंच. वाळकी पानं, मुळ्या, गवत यांचा मोठा फुगीर गोळा, बाजूला गोल दार, जमिनीवर किंवा खालच्या फांदीच्या बेचक्यात. चार-पाच चकचकीत पांढरी अंडी, त्यांवर जांभळट ठिपके. अंडी उबवणं, भरवणं दोघांच्या वाट्याला. शेजारून गेलात तरी घरटं म्हणजे पुरात वाहून आलेला कचरा वाटतो, आणि तोच त्याचा बचाव आहे.

इथे मला आपल्याकडच्या एका रीतीबद्दल बोलायचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. मोहफुलांवर झाडीपट्टीतल्या कितीतरी घरांचा महिन्या-दोन महिन्यांचा खर्च निघतो, त्यामुळे वेचणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती आग झाडाखालीच थांबेल याची खात्री नसते. उन्हाळ्याच्या वाऱ्यावर ती बीटच्या बीट, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या ताब्यातला जंगलाचा अख्खा पट्टा, साफ करते, आणि दोन महिन्यांनी नवरंग येतो तेव्हा नाल्याकाठी राख असते. खराट्याने जागा झाडून, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनं लुगडं अंथरूनही फुलं गोळा होतात. फुलं मातीला न लागल्यामुळे स्वच्छ मिळतात, हा वेगळा फायदा. झुडपी जंगलालाही आपण पडीक समजतो. वाघ नसेल तर जंगलच नाही असं मानायची सवय लागली आहे, आणि नवरंगासारख्या पाखरांना नेमकी अशीच काट्याकुट्याची, पाल्याची जागा लागते.

ऑगस्ट सरला की त्याची हाक बंद होते, पुढे तो मुक्काम हलवतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढायचा. हा प्रवास तो रात्री करतो. जाता-येता दमून पडलेले नवरंग कधी घराच्या व्हरांड्यात, कधी दिव्यांनी उजळलेल्या इमारतीच्या काचेवर आपटून खाली सापडतात. गावात असं कुणाला सापडलं की आधी फोटो, मग त्याला पाणी पाजायची घाई. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून, अंधारात, मांजरापासून दूर, शांत ठेवा. बरेचदा दोन-तीन तासांत ते सावरतं. जखम दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिंजऱ्यात ठेवायचा मोह कुणाला झाला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला गुन्हा मानतो.

आणि मोबाइलवर त्याचीच हाक वाजवून त्याला जवळ बोलावण्याचं जे खूळ आलं आहे, ते जून-जुलैत तरी बंद ठेवा. रेकॉर्डिंगला तो फसतो. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. अंडी सोडून तो भांडायला येतो, भांडायला कुणी सापडत नाही, मग पुन्हा येतो. तुम्हाला फोटो मिळतो आणि तेवढ्या वेळात घरटं उघडं पडतं.

महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. उपक्रम चांगला, पण तेव्हा शाळेतली पोरं नाल्यावर गेली तर नवरंग भेटणार नाही, तो कधीच तामिळनाडू-श्रीलंकेकडे पोचलेला असतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तेव्हा त्याची बोलणी ऐन रंगात असतात. गावाजवळ जंगल असलेल्या शाळेने पहिल्या आठवड्यातच एक दिवस पोरांना पहाटे साडेपाचला बाहेर काढावं, सोबत बीटचा वनरक्षक घ्यावा, आणि पाण्याच्या बाटल्या वाजवू नका एवढंच बजावून नाल्याच्या काठावर बसवावं. दुर्बीण नसली तरी अडत नाही.